भुऱ्या दोर चाबून आला

लहानपण तलावाकाठी गेलं असं मी कुठं बोलून गेले की ऐकणाऱ्या बायकांचे डोळे लगेच मोठे होतात. "अय्या, किती छान! पक्षी, हरणं, मोर!" डोंबलाचे मोर. मोरांनी आमच्या मिरचीची रोपं एकही वर्ष धड हाताला लागू दिली नाहीत. पन्नाशीला टेकले मी, नागपुरात तिसऱ्या मजल्यावर राहते, तरी खिडकीत कबुतर बसलं की झाडू घेऊन धावते, आणि माझी मुलगी म्हणते, आई, तू किती दुष्ट आहेस गं. असेन. ज्या घरात मी वाढले तिथं प्राण्यांवर माया करायला कोणाला सवड नव्हती. आमचं त्यांच्याशी वैर होतं, सकाळी उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत, आणि त्यांचंही आमच्याशी होतंच.

घर म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पलीकडं, जंगलाला टेकलेल्या एका जुन्या तलावाच्या पाळीवर बांधलेली दोन खोल्यांची कौलारू चौकी. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. बाबा त्या तलावाचे चौकीदार होते. धानाला पाणी हवं झालं की पाळीच्या पोटातलं दार उघडून पाणी सोडायचं, पुरे झालं की लावायचं. त्या दाराला आमच्याकडं तुडूम म्हणतात. तुडूम घरापासून शंभर पावलांवर होतं आणि त्यातून पाणी सुटलं की घरात बोललेलं ऐकू येत नसे. माणसं आम्ही तिघंच. बाबा, आई आणि मी. गाव खाली, चांगलं दीड मैल दूर. मीठ संपलं तर मीठ आणायलासुद्धा सायकल काढावी लागायची.

पहिलं वैर वानरांशी. पाळीवरच्या आंब्यातून वानरांची टोळी आमच्या छपरावर उतरायची आणि एका उडीत चार कौलं जायची. आई गोफण घेऊन अंगणात उभी राहायची आणि तोंडानं जे चालायचं ते इथं लिहिता येणार नाही. तिचा नेम असा की दगड वानराच्या शेपटीला चाटून जायचा, आणि चुकला तर ती वानरावर न चिडता माझ्यावर चिडायची, कारण दगड मी वेचून दिलेले असायचे. "असे गोटे आणतेत का वो पोट्टे? हा गोटा हाय का बटाटा?" मग घोरपड. ती कोंबड्यांच्या खुराड्यात शिरून अंडी पीत असे, आणि आत आहे हे कळायचं कधी, तर आपण हात घातल्यावर. न्हाणीत धामण निघायची. एकदा मण्यार माझ्या दप्तराखाली वेटोळं करून बसली होती. बाबांनी ती फावड्यानं मारली आणि मला म्हणाले, "शाळेत जा आता, उशीर होऊन राह्यला." कोणी घाबरलीस का म्हणून विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

खाणं मात्र तलावाचं होतं, हे कबूल केलं पाहिजे. धीवर लोक डोंगे घेऊन पाण्यात जायचे, काठीनं पाणी बडवून मासे जाळ्याकडं हाकलायचे, आणि तो धप् धप् आवाज माझ्या अभ्यासाच्या वेळेला हमखास सुरू व्हायचा. जाताना ते आमच्या दारात दोन-चार बोटभर मासे, नाहीतर ओंजळभर झिंगे टाकून जात. आई अंबाडीच्या भाजीत झिंगे घालायची. तसा वास आता कुठं येत नाही. मी इथं बाजारातून झिंगे आणून करून पाहिलं, मुलीनं नाक धरून दारं-खिडक्या उघडल्या. खाऊ नको म्हटलं, तुझ्यासाठी केलेलंच नाही.

आणि बिबट. तो तुडमाच्या डबक्यावर पाणी प्यायला यायचा, सकाळी चिखलात पंजे दिसायचे. माणसाला त्यानं कधी काही केलं नाही, पण पाळीवर कुत्रं म्हणून टिकू दिलं नाही. माझ्या आठवणीत आमची तीन कुत्री गेली. चौथा भुऱ्या. तो आम्ही आणलेला नव्हता, धीवरांच्या मागं मागं आला आणि राहिला. मातकट रंगाचा, एक कान पडका, अक्कल बेताची. बिबटाचा वास आला की तो भुंकायचा नाही, गुपचूप माझ्या खाटेखाली येऊन अंग चोरून पडायचा, आणि म्हणूनच तो जगला असं बाबा म्हणायचे. आई त्याला 'मेला' या नावानं हाक मारायची. माझा मात्र तो होता. त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतंच. हे मी आज म्हणते; तेव्हा कोणी विचारलं असतं तर मीही त्याला दगडच मारून दाखवला असता.

चैत्रात मोह गळायला लागला की आईचा वेगळाच अंमल सुरू व्हायचा. पाळीच्या पार टोकाला, जंगल जिथं पाण्याला लागतं तिथं, मोहाची दोन झाडं आमच्या वाट्याची होती. फुलं रात्रभर गळतात, आणि उजाडता उजाडता वेचली नाहीत तर डुकरं, हरणं, वानरं खाऊन मोकळी होतात. आणि अस्वल. अस्वलाला मोहाचं व्यसनच. म्हणून आईचा एक नियम होता आणि तो आमच्या भागातल्या प्रत्येक घराचा होता. मोहावर कुत्रं न्यायचं नाही. शहरातल्या माणसाला हे उलटं वाटतं, कुत्रं म्हणजे राखण. पण अस्वल आपल्या नादात खात असलं तर माणसाचा खोकला ऐकून बाजूला होतं. कुत्रं त्याच्या अंगावर भुंकत जातं, ते चवताळतं, मागं लागतं, आणि मग कुत्रं पळून कुठं येणार? मालकाच्या पायाशी. "कुत्रं अस्वल घरी घेऊन येते," आई म्हणायची. मोहाचे दिवस सुरू झाले की रोज संध्याकाळी ती स्वतः भुऱ्याला ओसरीच्या खांबाला बांधायची. दुसऱ्या कोणाच्या गाठीवर तिचा भरवसा नव्हता.

मी आठवीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते त्या वर्षी. एका संध्याकाळी भुऱ्यानं आईची अंड्यावर बसलेली कोंबडी धरली. घोरपडीपासून, मुंगसापासून, घारीपासून वाचवलेली कोंबडी, आणि ती घरच्याच कुत्र्यानं फाडली. आईनं चुलीतलं लाकूड घेतलं आणि त्याला असं बडवलं की तो ओरडायचाही थांबला. मी मध्ये पडले तर दोन माझ्या पाठीवर बसली. मी तिला म्हणाले, "तू कोणाचीच नाई! तुले कोणीच नाई पाहिजे! वाघीण बरी तुह्यापेक्षा!" ती म्हणाली, "मग जा वाघिणीकडं. इथी काऊन भात गिळून राह्यली?" बाबा विडी पेटवून पाळीवर निघून गेले. भांडण लागलं की त्यांना तलावाची पातळी पाहायची असायची. आईनं भुऱ्याला आखूड बांधलं, इतकं की त्याला धड बसता येईना, आणि मी न जेवता झोपले.

पहाटे तिनं मला पायानं हलवून उठवलं. दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि पुढं निघाली. मी दुसरी टोपली घेतली, ओसरीवर आले, आणि भुऱ्यानं शेपटी आपटली. मी त्याची गाठ सोडली. एवढंच. फार विचार केला होता असं नाही. तिचा नियम मोडायचा होता, आणि अंधारात तिच्या मागं एकटीनं चालायची मला भीती वाटत होती, पण ती तिच्याजवळ बोलून दाखवायची नव्हती. गळ्यातला दोरही काढला आणि खुंटीवर टाकून दिला. भुऱ्या आवाज न करता माझ्या मागं आला. आईनं एकदाही वळून पाहिलं नाही.

मोहाखाली पोचलो तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. जमीन फुलांनी पिवळसर पांढरी, आणि तो गोड, डोकं जड करणारा वास. आई वाकून वेचत होती. मी दहा-बारा पावलं मागं. भुऱ्या माझ्या पायातून सुटला आणि समोरच्या रायमुनियाच्या झुडपात घुसला. आई झटकन सरळ झाली. "कुत्रं? कुत्रं कुठून आलं इथी?" तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात भुऱ्या भुंकला, मग किंचाळला, आणि शेपटी पोटात घालून सुटला तो थेट माझ्याकडं. त्याच्यामागं झुडूप फुटलं आणि अस्वल बाहेर आलं. आई मुळातच माझ्या पुढं उभी होती, की माझ्या पुढं आली, हे मला आजही सांगता येत नाही. भुऱ्या तिच्या बाजूनं निसटला. अस्वल तिच्यापाशी थांबलं आणि मागच्या पायांवर उभं राहिलं.

अस्वल तोंडावरच जातं. आईनं टोपली पुढं धरली होती, ती काडीसारखी उडाली. ती ओरडत नव्हती, शिव्या देत होती. खाली पडली तरी देत होती, मग शिव्या थांबल्या. मी किंचाळत होते आणि जागची हलले नव्हते. भुऱ्या लांब उभा राहून भुंकत होता, पुढं यायची हिंमत त्याच्यात नव्हती. माझ्यातही नव्हती. आवाज ऐकून पाण्यावरचे धीवर डोंग्याच्या काठ्या घेऊन धावत आले, त्यांनी आरडाओरडा केला, पाणी बडवतात तशी जमीन बडवली, आणि अस्वल उठून निघून गेलं. घाई न करता गेलं. आईच्या डोक्याची कातडी कपाळापासून मागं सरकलेली होती आणि डावा डोळा जागेवर नव्हता. धीवरांपैकी एकानं आपलं धोतर फेडून तिच्या डोक्याला गुंडाळलं आणि मला म्हणाला, "पाहू नको बाई, तिकडं पाह्य." मी पाहिलं होतं.

बैलगाडीनं रस्त्यापर्यंत, तिथून एका मालट्रकनं मूलला आणि तिथून चंद्रपूरच्या दवाखान्यात. बाबा सोबत गेले. तिसऱ्या दिवशी ते कपडे न्यायला परत आले त्याच दिवशी वनखात्याचे नाकेदार पंचनाम्याला आले. चांगला माणूस होता, मला पाणी प्यायला लावलं, मग विचारलं, "बाई, कुत्रं होतं का सोबत?" बाबा तिथंच उभे होते. तीन दिवसांत त्यांनी दाढी केली नव्हती. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "भुऱ्या दोर चाबून आला. मागून आला. आमाले माहीत नाई पडलं." नाकेदारानं लिहून घेतलं. बाबांनी मान हलवली. दोर पाहायला कोणाला सुचलं नाही, तो खुंटीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकत होता. एका वाक्यात मी सुटले. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

बाबांनी भुऱ्याला पोत्यात घालून सायकलच्या कॅरियरला बांधलं आणि लांबच्या एका गावच्या बाजारात सोडून आले. चार दिवसांनी तो परत आला. पाय सोललेले, पोट पाठीला लागलेलं, आणि मला पाहून अंगणात लोळण घेतली मूर्खानं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. बाबा ओसरीवर बसून त्याच्याकडं पाहत होते. ते तापट नव्हते, उभ्या जन्मात त्यांनी मला बोट लावलं नव्हतं, पण आईचं डोकं त्यांनी मांडीवर घेऊन ट्रकमधून नेलं होतं. ते म्हणाले, "दोर चाबते ना तो? मग साखळी आन." तुडमाच्या दाराची एक जुनी साखळी घरात पडली होती. बाबांनी त्या संध्याकाळी भुऱ्याला तुडमाकडं नेलं आणि डबक्याजवळच्या खुंट्याला साखळीनं बांधलं. कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डबक्यावर कोण येतं हे दोघांनाही माहीत होतं. भुऱ्या खूप वेळ कुंई कुंई करत होता, मग एकदम गप्प झाला. बाबांनी उठून तुडूम थोडं उघडलं. त्याची गरज नव्हती, शेतात धान नव्हतं.

आई सव्वा महिन्यानं घरी आली. डोळ्याच्या जागी खळगा, गालापासून कानापर्यंत शिवण, वरचा ओठ ओढलेला. मला वाटलं, आता ही मला मारेल. तिनं घरभर फिरून पाहिलं, चूल सारवली नाही म्हणून बोलली, आणि भुऱ्याचं विचारलं. बाबांनी सांगितलं, बिबटानं नेला. ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून गोफण घेऊन अंगणात. एका डोळ्यानं नेम चुकायचा, वानरं छपरावरून दात दाखवायची, ती आणखी चिडायची. मी दगड वेचून द्यायचे. आम्ही दोघी पुढं चार वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, त्या घरात राहिलो आणि कामापलीकडं बोललो नाही. लोकांना वाटायचं, अपघातानं बाई अबोल झाली. अबोल कशाची! बाबांशी, धीवरांशी, वानरांशी ती पूर्वीसारखीच बोलत होती.

बाबा गेले. चौकी पडली. आई गावात एका खोलीत राहते, माझ्याकडं यायला तयार नाही, तिसऱ्या मजल्यावर कोणाशी भांडायचं म्हणते. गेल्या वर्षी तिच्या उरलेल्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला मी तिला नागपूरला आणलं. ऑपरेशन झाल्यावर त्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधली, म्हणजे एक दिवस तिला काहीच दिसणार नव्हतं. दुपारी मी तिच्या खाटेशी बसले होते. ती मला पाहू शकत नव्हती, म्हणून माझं तोंड उघडलं. याहून मोठं धैर्य माझ्यात कधी आलं नाही, ते इथंच लिहून टाकते.

"आई," मी म्हणाले, "भुऱ्यानं दोर चाबला नव्हता. मी सोडला होता."

"माहीत हाय मले."

माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला. "कवापासून?"

"दवाखान्यातून आली त्याच दिवशी. खुंटीले दोर होता. अंबाडीचा, मीच वळला होता. कुठी दात लागला नव्हता."

"मग तू बोलली काऊन नाई?"

"तू बोलतं का नाई, ते पाहून राह्यली होती."

पस्तीस वर्षं, बाई! पस्तीस वर्षं ती पाहत बसली. मला राग आला, खोटं कशाला सांगू. माफी मागायला बसले होते आणि राग आला. मी म्हणाले, तू तेव्हाच मला झोडपलं असतंस तर बरं झालं असतं. पट्टीखालचा ओढलेला ओठ हलला.

"डोळा अस्वलानं नेला," ती म्हणाली. "त्याचं मी तुले काही म्हणत नाई. चौदा वर्षाची होती तू. पण मले एक सांग. पोत्याचं न तुडमाच्या साखळीचं धीवरायनं सांगितलं होतं मले. भुऱ्या तुह्या बाबाच्या मागं दोन पावलं जात नव्हता. पोत्यात घातल्याबिगर हात नाई लावू दिला त्यानं. मग तुडमापर्यंत गेला कसा?"

"बाबांनी नेला," मी म्हणाले.

हेच वर मीही लिहिलं आहे, बाबांनी नेलं म्हणून. तिला सांगितलं तसंच तुम्हालाही सांगितलं. ती तशीच पडून होती, पुन्हा वाट पाहत, आणि या वेळी मला समजत होतं ती कशाची वाट पाहते आहे.

"बाबा पुढं चालत होते," मी म्हणाले. "त्यांचे हात रिकामे होते. साखळी माह्याजवळ होती. मी हाक मारली, तो आला. बांधला मीच."

"शेपटी हलवत होता?"

"हो."

तिनं माझा हात शोधला, धरला, असं काहीतरी इथं लिहायला मला फार आवडलं असतं. तिनं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं.